बाळांना ‘अहो’ म्हणणाऱ्या बाई

सबनीसबाई बाळाला आधी हात लावत नसत. कुणी घाबऱ्याघुबऱ्यानं दुपट्यात गुंडाळलेलं पोर पुढे केलं की त्या स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधत आणि त्या पोराकडे वाकून म्हणत, “या. फार लांबून आलात? दमलात का?” बाळ कालचं असो की महिन्याचं, त्याला त्या ‘अहो’च म्हणत. आणि त्या बाळाच्या मिशीवाल्या, फेटेवाल्या बापाला मात्र ‘अरे बाळ, जरा बाजूला हो, उजेड अडतोय’ असं सुनावत. आपण बाईंपेक्षा दहा वर्षांनी मोठे आहोत हे त्या बापाच्या लक्षात येईपर्यंत तो बाजूला झालेलाही असे.

परवा चिंचवडला माझ्या भाचीच्या मुलीला बाळ झालं. मी पाहायला गेले तेव्हा एक नर्स आली, बाळाच्या पावलाला चिमट्यासारखं काहीतरी लावलं आणि समोरच्या पडद्यावरचा आकडा वाचून ‘ओके’ म्हणून निघून गेली. काय पाहिलं, म्हणून विचारलं तर म्हणाली, “आजी, रक्तात ऑक्सिजन बरोबर आहे का ते. हृदयात काही दोष असला तर लवकर कळतो.” मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. पण परतताना रिक्षात माझ्या डोळ्यांपुढे तो पडदा नव्हता. पाठीमागे हात बांधून, मान तिरकी करून, नुकत्या जन्मलेल्या जिवाकडे बघत उभ्या राहिलेल्या सबनीसबाई होत्या.

एकोणीसशे पन्नासचं दशक अर्ध्यावर आलेलं होतं. मी पुण्यात नर्सिंगचं शिक्षण संपवून नोकरी शोधत होते. पिंपरीला नव्यानंच औषधांचा कारखाना उभा राहिला होता आणि बाईंचे यजमान तिथे रसायनशास्त्रज्ञ म्हणून आले होते. त्यांच्याबरोबर मुंबईची चांगली चाललेली नोकरी सोडून बाई आल्या आणि चिंचवड स्टेशनापासून थोड्या अंतरावर, एका भुसाराच्या गोदामाशेजारच्या चार खोल्यांत त्यांनी बाळंतपणाचा आणि मुलांचा दवाखाना काढला. तिथे मला नर्सची नोकरी मिळाली. आजूबाजूला ज्वारीची शेतं. आकुर्डीकडे नजर टाकली तर मधे अडवायला झाडांखेरीज काही नाही. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची वसाहत, अलीकडे-पलीकडे जुनी गावं आणि कारखान्याच्या आशेनं मराठवाड्यातून, कोकणातून आलेली माणसं. या सगळ्यांना होणारी पोरं म्हणजे बाईंचं राज्य.

बाई उंच, हाडापेरानं रुंद. पांढरं पाचवारी सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि पर्समध्ये कायम भाजलेले शेंगदाणे. बोलता बोलता त्या शेंगदाणे सोलत आणि सालं कुठेही पडत. दवाखान्यात मला सगळ्यात जास्त काम कशाचं असेल तर ती सालं झाडण्याचं. पण एका बाबतीत त्यांची शिस्त कडक होती. बाळाच्या अंगावर रंगीत कापड चालायचं नाही. सिंधी आज्या नातवंडांना हौसेनं चमकत्या निळ्या-जांभळ्या कुंच्या घालून आणत. बाई ती कुंची स्वतः काढून पांढऱ्या दुपट्यात बाळ घेत आणि म्हणत, “निळ्या कुंचीत निळं बाळ मला दिसायचं कसं?” काजळ, गालबोट, नखांना लावलेली मेंदी, सगळं आधी पुसायचं. मग बाळाला घेऊन ओसरीवर, दिवसाच्या उजेडात. दिव्याच्या उजेडात बाळाचा रंग त्यांनी कधीच ठरवला नाही. “दिवा खोटं बोलतो,” म्हणायच्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एका सुईणीनं धावत एक बाळ आणलं. हातपाय निळेजांभळे. सुईण रडकुंडीला आलेली. मीही ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे धावले. बाईंनी मला दंडाला धरून थांबवलं, बाळाच्या हनुवटीला बोटानं हलकेच दाबलं आणि म्हणाल्या, “अहो, जीभ दाखवा बघू.” बाळानं भोकाड पसरलं. आत जीभ गुलाबी, लालसर, छान.

“थंडी वाजतेय त्यांना,” बाई म्हणाल्या. “आईच्या पोटाशी द्या. सुशीला, लक्षात ठेव. हातपाय निळे असले तर गोधडी शोध. जीभ निळी असली तर मला शोध. आपल्याकडची माणसं सावळी, कातडीवर निळेपणा लपतो. जिभेला तो लपवता येत नाही.”

त्यांची दुसरी शिकवण दूध पिण्याची. तपासायला आणलेलं बाळ भुकेलं असेल तर बाईंना आनंद व्हायचा. आईला भिंतीशी बसवून पाजायला लावायच्या आणि स्वतः समोर स्टूल टाकून बसायच्या. गावाकडच्या बायका लाजत, पदर ओढत; बाई शेंगदाणे सोलत गप्पा मारत राहायच्या आणि नजर बाळाच्या कपाळावर. “तुझी-माझी परीक्षा टेकडी चढताना होते,” त्या मला सांगायच्या. “ह्यांची टेकडी म्हणजे दूध पिणं. सगळ्या अंगाची मेहनत असते ती. हृदय अपुरं पडत असेल तर इथेच सापडतं.” चांगलं बाळ चुटूचुटू पितं आणि तृप्त होऊन सोडतं. पण एखादं बाळ चार घोट घेऊन थांबतं, धापा टाकतं, पुन्हा लागतं, पुन्हा थांबतं. कपाळावर भर थंडीत घामाचे थेंब येतात. मग दमून झोपतं आणि थोड्याच वेळात भुकेनं उठून रडतं. अशा बाळाच्या आईला घरात ऐकावं लागे की हिला दूधच नाही. बाई तिच्या सासूसमोर स्पष्ट सांगायच्या, “दूध भरपूर आहे. बाळाचा दम पुरत नाहीये.” ते ऐकल्यावर त्या आईच्या चेहऱ्यावर भीतीआधी सुटका दिसायची.

एवढं सगळं झाल्यावर स्टेथोस्कोप. तोही आधी मुठीत धरून ऊबदार केलेला. तेव्हा खोलीत कुणी श्वास मोठ्यानं घेतला तरी बाई डोळे वटारत. हृदयाच्या ठोक्यांमध्ये जो जास्तीचा आवाज येतो त्याला त्यांनी शब्द ठेवला होता ‘कुरकूर’. आणि ही कुरकूर त्या तोंडानं हुबेहूब काढून दाखवायच्या. टांग्यातून मोशीला किंवा चिखलीला जाताना माझी शिकवणी चालायची. “लब्-डब्, लब्-डब्, हे चांगलं. आता ऐक. लब्-श्श्-डब्. हृदयातल्या पडद्याला भोक. आता हे, लब्-डब्-हूऽऽ...” टांगेवाला इस्माईलचाचा पहिल्यांदा टांगा थांबवून मागे वळून म्हणाला होता, “बाईसाहेब, तब्येत बरी हाय ना?” पुढे तोही सरावला. एकदा तर घोड्याला चुचकारताना त्यानंच ‘लब्-डब्’ केलं.

कुरकूर ऐकू आली म्हणजे आजार, असं मात्र त्या मानत नसत. जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या कितीतरी कुरकुरी आपोआप विरतात आणि कितीतरी वाईट हृदयं पहिल्या दिवशी अगदी गप्प असतात, हे त्या प्रत्येक आईला समजावून सांगत. म्हणून दवाखान्यातून घरी जाताना आईला ताकीद असे, आठवड्यानं एकदा आणि सव्वा महिन्यानं एकदा दाखवायला आणायचंच. कुणी आलं नाही तर इस्माईलचाचाचा टांगा त्या घरासमोर जाऊन उभा राही.

हा आग्रह कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मुंबईत असताना एक बाळ त्यांनी जन्मल्या दुसऱ्या दिवशी तपासलं. रंग चांगला, कुरकूर नाही, रडणं जोरदार. बाईंनी त्याला घरी पाठवलं. आठवड्याच्या आत ते बाळ राखेच्या रंगाचं होऊन परत आलं आणि त्यांच्या हातांतच गेलं. हृदयातून निघून खाली जाणारी मोठी रक्तवाहिनी एका जागी चिंचोळी होती. “वरच्या पाटाला पाणी होतं, खालचा पाट कोरडा पडत चालला होता. जांघेत बोट ठेवलं असतं तर नाडी सापडली नसती. मी बोट ठेवलं नाही,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ. त्यांनी स्वतःला कोसलं नाही आणि सावरूनही घेतलं नाही. “तेव्हापासून मी प्रत्येकाच्या जांघेत बोट ठेवते. एकदा ठेवून भागत नाही, आठवड्यानं पुन्हा ठेवते. तूही ठेवायचं.”

मी पुढे जिथे जिथे नोकरी केली तिथे ठेवत आले.

मोशीच्या हौसाची गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. हौसा पहिलटकरीण, वीसही पुरी नसेल. घर खातंपितं शेतकऱ्यांचं. बाळंतपणाला आम्ही तिच्या घरीच गेलो होतो, टांग्यात ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन. बाळ जन्मलं ते चांगलं वजनदार, नाकीडोळी देखणं. पण दुपारपर्यंत त्याची जीभ जांभळाच्या रंगाची दिसायला लागली. बाईंनी ओसरीवर नेऊन पाहिलं. ऑक्सिजन लावला आणि जिभेकडे बघत उभ्या राहिल्या. खूप वेळ गेला, रंग तसाच. “फुप्फुसाचं दुखणं असतं तर थोडी तरी लाली आली असती,” त्या मला हळूच म्हणाल्या. कान लावून ऐकलं तर कुरकूर नावालाही नव्हती. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांची अदलाबदल झालेली असावी, असं त्यांचं निदान. अशुद्ध रक्त अंगात फिरतंय आणि शुद्ध रक्त फुप्फुसातच घोटाळतंय. त्या काळात आमच्याकडेच काय, मुंबईतही त्यावर इलाज नव्हता.

बाई हौसाच्या खाटेवर बसल्या. सासू, नवरा, दीर सगळे उभे. बाईंनी काही लपवलं नाही. बाळाच्या हृदयाची जडणघडण चुकली आहे, ते थोडे दिवसच राहील, तोवर त्याला आईच्या कुशीत राहू द्या, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. हौसानं बाळाला मांडीवर ओढून घेतलं. सासू मात्र कडाडली.

“मला ठावं व्हतं! गिराणात इळी हातात धरली व्हती हिनं. नगं म्हनलं तरी भाजी चिरीत बसली. तिथंच पोराच्या काळजाला चीर पडली!”

हौसानं तोंडावर पदर घेतला. नवऱ्यानं मान खाली घातली. म्हणजे हे घरात आधीच बोलून झालेलं होतं. मला वाटलं, बाई आता संतापणार. बाईंनी सासूचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं.

“मला नीट सांगा, सासूबाई. ग्रहण लागलं तेव्हा हिला कितवा महिना होता?”

“सातवा सरत आला व्हता.”

“नक्की?”

“मीच चोळी-पातळ केलं की हिला. नक्की न्हाई तर काय!”

“मग ते ग्रहणामुळे झालेलं नाही,” बाई ठामपणे म्हणाल्या. “पोटातल्या बाळाचं काळीज दुसरा महिना संपायच्या सुमारास घडून तयार होतं. त्या वेळी हिला दिवस गेलेत हे हिलाही धड कळलं नव्हतं. सातव्या महिन्यात इळी धरा नाहीतर कुऱ्हाड धरा, घडून झालेल्या काळजाचं काही बिघडत नाही. आव्यात भाजून बाहेर आलेल्या मडक्याला कुंभाराचं चाक काही करू शकतं का?”

म्हातारी मनात महिने मोजत असावी. मग खरखरत्या आवाजात तिनं विचारलं, “म्हंजी हिचा काय बी दोस न्हाई?”

“कुणाचाच नाही. हिचा नाही, तुमच्या लेकाचा नाही, तुमचा नाही.”

म्हातारीनं उठून हौसाच्या मांडीवरचं बाळ घेतलं, त्याच्या टाळूला गाल लावला आणि ती रडायला लागली. हौसा तिच्याकडे सरकली. बाईंनी मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि आम्ही दार ओढून घेतलं.

परतताना टांग्यात मी तणतणत होते. “बाई, ग्रहणाबिग्रहणानं काही होत नाही, हे खूळ आहे, असं सरळ का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर सासू माझ्याशी भांडत बसली असती,” बाई म्हणाल्या. “मला तिला शहाणं करायचं नव्हतं. सून सोडवायची होती.”

बाळ गेलं. पुढच्या वर्षी हौसाला पुन्हा दिवस गेले, तिला दवाखान्यात सासूच घेऊन आली. बाकावर बसलेल्या बायकांना म्हातारी न विचारता सांगत होती, “मागल्या टायमाला हिचा काय दोस नव्हता बरं का. काळीज दुसऱ्याच म्हयन्यात घडतं. तुमास्नी ठावं न्हाई.”

आता नामदेव फिटर आणि त्याची शांता. नामदेव लातूरकडचा. कासारवाडीला एका चाळीत राहायचा आणि कारखान्यात काम करायचा. बायको राधा. शांता त्यांची पहिली मुलगी. जन्मली तेव्हा तिच्या छातीत अगदी पुसट कुरकूर होती. बाईंनी सव्वा महिन्यानं आणायला सांगितलं, पण त्याच्या आधीच राधा आली. पोरीचं वजन वाढत नव्हतं. पिताना घाम, धाप. बाईंनी नेहमीसारखं सगळं पाहिलं, मग तिचं पाऊल तळहातावर घेतलं आणि भुवया उंचावल्या. “सुशीला, हात लाव.” त्या एवढ्याशा तळपायात नाडी उड्या मारत होती. मग स्टेथोस्कोप. ऐकता ऐकता बाईंचे डोळे लकाकले. असं काही सापडलं की त्यांना आनंद होई आणि आनंद झाल्याची लाजही वाटे.

“नामदेवला बोलाव,” त्या म्हणाल्या.

नामदेव पाळी संपवून तेलकट कपड्यांतच आला. “लेकरू रात्रंदिस रडायलंय, बाई. मला काय कळंना झालंय.”

“अरे बाळ, कळेल. तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. बस.” बाईंनी स्टेथोस्कोप त्याच्या कानांत घातला. आधी शेजारच्या खाटेवरच्या एका धडधाकट बाळाचं हृदय ऐकवलं. मग शांताचं. नामदेवनं डोळे बारीक केले. कारखान्यात बिघडलेल्या यंत्राला कान लावतो तसा तो वाकला.

“हे तर ब्लोअरवानी वाजायलंय. मधी थांबतच न्हाई.”

“दिवसपाळी, रातपाळी, सुट्टी नाही,” बाई म्हणाल्या. “आता ऐक. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. फुप्फुसाला रक्ताचं काम नसतं. म्हणून रक्त परस्पर वळवायला एक छोटी नळी असते. बाहेर येऊन श्वास घेतला की ती नळी थोड्याच दिवसांत आपोआप मिटते.”

नामदेव शांताकडे बघत होता. “अन् हिची मिटली न्हाई. कॉक उघडाच राहिलाय म्हणा की.”

“अगदी बरोबर.”

“मंग प्रेशर फुकट चाललंय सगळं. म्हणून लेकरू दमायलंय.” तो थांबला. मग त्याचा आवाज उतरला. “पण कॉक बंद करायचा म्हणलं तर मशीन उघडावी लागंल.”

बाईंनी मान डोलावली. राधानं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात ही नळी बांधण्याची शस्त्रक्रिया होऊ लागली होती. पण एवढ्याशा मुलीवर ती करायला डॉक्टर धजावत नव्हते; ती थोडी मोठी व्हायला हवी होती. तोवर तिला जगवणं, वाढवणं हे बाईंचं काम. हृदयाला आधार देणाऱ्या औषधाचे थेंब, थोडं थोडं पण वारंवार दूध, उशाला उंच करून निजवणं. मी दर आठवड्याला कासारवाडीला जाऊन वजन करायची. एका हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला तेव्हा बाईंनी तिला दवाखान्यात आणून आपल्या टेबलाशेजारी ठेवलं आणि बाकीचे रुग्ण तपासता तपासता तिच्यावर नजर ठेवली. पिंपरीच्या कारखान्यात बनणाऱ्या पेनिसिलीननं ती तगली. “बरं झालं, माझा नवरा त्याच कारखान्यात आहे,” बाई म्हणाल्या, “घरातलं कुणीतरी कामाला आलं.”

शांता चालायला लागली तेव्हा मुंबईचं नक्की ठरलं. त्याच सुमारास नामदेवची आई गावाहून आली आणि दवाखान्यात येऊन बाईंसमोर उभी राहिली.

“पोरीच्या जातीला छाती फाडून घ्यायला नेता व्हय? आहे तशी राहू द्या. देवानं दिलंय तेवढं जगंल.”

बाईंनी तिला बसवलं नाही, समजावलंही नाही. त्या नामदेवकडे वळल्या. “बाळ, तुझ्या खात्यातलं ब्लोअर असंच चालू ठेवलं तर काय होईल?”

“बेअरिंग जाईल. मंग मोटार जळंल.”

“किती दिवसांत?”

“ते सांगता येत न्हाई. पण जळंल.”

“मलाही सांगता येत नाही. पण तसंच होईल. नळी बांधली तर ती माझ्यासारखी म्हातारी होईल. शस्त्रक्रियेत धोका आहे, नाही असं मी म्हणणार नाही. पण माझी मुलगी असती तर मी उद्याच्या गाडीनं निघाले असते.”

नामदेवनं आईकडे पाहिलं. “आई, म्या कानानं ऐकलंय. तू ऐकलं न्हाईस.” आणि पहिल्यांदाच तो आईच्या होकारासाठी थांबला नाही.

आम्ही सगळे मुंबईला गेलो. शांता रेल्वेच्या डब्यात बाईंच्या मांडीवर बसून शेंगदाण्यांची सालं खिडकीबाहेर टाकत होती. तिथले शल्यचिकित्सक तरुण, परदेशी शिकून आलेले. त्यांनी मुलीला तपासलं, बाईंचं निदान मान्य केलं, पण एक शंका काढली. “नळीबरोबर पडद्यालाही भोक असेल का?”

“असलं तर मला ऐकू आलेलं नाही,” बाई म्हणाल्या. “पण मला ऐकू आलं नाही म्हणजे नाहीच, असं धरून चालू नका. तुमच्याकडे साधनं आहेत, खात्री करून घ्या.” त्यांनी तपासण्या केल्या. भोक नव्हतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. राधा भिंतीकडे तोंड करून, नामदेव येरझाऱ्या घालत. आणि बाई? त्या बाकाला टेकल्या, हात छातीवर बांधले आणि चक्क झोपल्या. मला शरमल्यासारखं झालं. नामदेवनं पाहिलं, क्षणभर थबकला आणि राधाच्या शेजारी जाऊन बसला. “बाई झोपल्यात बघ,” तो तिला म्हणाला. “काळजीचं काम असतं तर झोपल्या असत्या का?” राधानं वळून पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा तिनं पाणी मागितलं.

नंतर मी बाईंना त्यावरून छेडलं. “झोप कुठली येतेय?” त्या म्हणाल्या. “डोळे मिटून घेतले होते. उघडे ठेवले असते तर राधानं त्यात काय ते वाचलं असतं.”

सगळं नीट पार पडलं. शांता वॉर्डात आल्यावर, ती पुरती शुद्धीवर असताना, बाईंनी तिच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, बराच वेळ ऐकलं आणि न बोलता तो नामदेवच्या हातात दिला. त्यानं कान लावला. चेहरा गोंधळलेला.

“बाई, काहीच वाजंना झालंय.”

“नीट ऐक.”

“नुसतं लब्-डब् वाजतंय.”

“तेवढंच वाजायला हवं,” बाई म्हणाल्या आणि खिडकीशी जाऊन खूप वेळ नाक पुसत राहिल्या.

पुढे माझं लग्न ठरलं, सासर नाशिकचं. दवाखाना सोडताना बाईंनी मला समारंभ वगैरे काही करू दिला नाही. शेवटच्या दिवशी त्या कुठल्याशा बाळंतपणात अडकल्या होत्या, भेटही झाली नाही. मला रुखरुख लागून राहिली.

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन मी नाशिकच्या मोटारीची वाट बघत चाकणच्या रस्त्यावर उभी होते. कांद्यांनी भरलेल्या बैलगाड्या बाजाराकडे चालल्या होत्या. एवढ्यात समोरून एक जुनी काळी मोटार वेडीवाकडी येताना दिसली. कधी रस्त्याच्या या कडेला, कधी त्या. चालवत होत्या बाई. शेजारी त्यांचे यजमान दोन्ही हातांनी दार धरून बसलेले. मोटार शिकायला सुरुवात केल्याचं बाई मला बोलल्याही नव्हत्या. मला बघताच त्यांनी भर रस्त्यात ब्रेक दाबला. मागे बैलगाड्या थांबल्या, गाडीवान ओरडायला लागले.

“सुशीला! चाललीस? जा, सुखी राहा. नाशिकला गेल्यावर नुसती भाकरी थापत बसू नकोस.”

“बाई, तुम्ही एवढ्या घाईनं कुठे? कुणाचं बाळ अत्यवस्थ आहे का?”

“छे गं! चाकणच्या एका बाईला जुळं झालंय. सुईणीनंच केलं सगळं, मला कुणी बोलावलेलंसुद्धा नाही. दोन्ही ठणठणीत आहेत म्हणे.” बाई हसल्या. “रोज बिघडलेलीच ऐकते मी. म्हटलं, आज दोन चांगली ऐकून यावीत.”

यजमान म्हणाले, “यमुना, मागे लोक खोळंबलेत.”

“खोळंबू देत,” बाई म्हणाल्या, पण त्यांनी गिअर टाकला. मोटारीनं दोन गचके खाल्ले, बैल बुजले आणि त्या खिडकीतून हात बाहेर काढून, मागे न बघता हलवत, चाकणच्या दिशेनं निघून गेल्या.